रोज पाणी घालूनही माना टाकणारी झाडं

थांबा थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर नांदेड येईपर्यंत माझं पोट फुटंल! लातूरहून एसटीत बसलेय, खिडकीची सीट मिळालीय, मोबाईलला चार्जिंग आहे. बास. टाइप करून राहिले, चुका झाल्या तर समजून घ्या.

मी नांदेडच्या एका नर्सरीत कामाला आहे. क्लास, दवाखाने, ऑफिसं अशा ठिकाणी आम्ही कुंड्या देतो आणि महिन्यातून एकदा जाऊन बघतो. याला आमच्यात मेंटेनन्स व्हिजिट म्हणतात. मागच्या आठवड्यात लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या सरांचा फोन आमच्या मालकांना, पाशाभाईंना आला. "अ‍ॅडमिशनचे दिवस आहेत, पालक रिसेप्शनला येऊन बसतात आणि समोर ही मान टाकलेली झाडं! न्या उचलून तुमची."

पाशाभाई मला म्हणाले, "बेटा, जा, बघून ये. आणि ऐक, आधी कुंडी बघ, मग बोल. तुझी जबान आधी सुटते."

गेले. दारात पाय ठेवला तर सर शेवंतामावशींना झापून राहिलेले. मावशी तिथं झाडलोट करतात, चहा करतात, झाडांना पाणी घालतात. रोज औशाहून बसनं येतात.

"पाणी घालता का न्हाई खरं सांगा."

"घालते की सर. सकाळी घालते, जाताना घालते."

"मग ही अशी कशी झाली? खोटं बोलू नका. एक तारखेपासून दुसरी बाई बघतो मी."

मावशींनी हातातला झाडू भिंतीला टेकवला. पदरानं हात पुसत उभ्या राहिल्या. मला लई कसंतरी झालं. मी झाडं बघायला आले होते, आता मावशींची नोकरीबी त्या कुंड्यांवर लटकलेली.

तर पहिली गोष्ट. पान खाली लवलं की सगळ्यांना एकच वाटतं, तहान लागली. पण पान दोन कारणांनी मान टाकतं. एक, मातीत पाणी नसलं तर. दुसरं, मातीत पाणी असूनही मुळाला ते ओढता येत नसलं तर. म्हणून आधी बोट घालायचं मातीत, चांगलं आतपर्यंत. घातलं. ओली माती.

"सर, मावशी पाणी घालतात. हे बघा बोट."

"मग जास्त घालत असतील!"

म्हणजे माणसाचं आधीच ठरलेलं होतं.

पण मुद्दा बरोबर होता. जास्त पाण्यानं मूळ कुजतं. मी पीस लिली कुंडीतून बाहेर काढली. ही पांढऱ्या फुलाची, लई नाजूक, काही बिनसलं की सगळ्यात आधी हीच आडवी होते. कुजलेलं मूळ काळं पडतं, बोटाला चिकट लागतं, वास मारतं. इथं तसलं काही न्हाई. फक्त टोकं तपकिरी झालेली. पानांचीही टोकं तशीच, करपल्यासारखी.

मग मी छाती काढून सांगितलं, "एसीची हवा लागतेय, सर. कुंड्या हलवा."

सर म्हणाले, "जिन्याजवळ एसी न्हाई, मॅडम. तिथला पाम बघा."

बघितला. तोही तसाच! पाशाभाई बरोबर सांगतात माझ्याबद्दल.

तोंड लपवायला पाणी प्यायचं म्हणून आत गेले, जिथं मावशी चहा करतात. आणि खिडकीत बघते तर काय, कापलेल्या कॅनमध्ये एक मनी प्लांट, असलं टवटवीत की नर्सरीतबी तसलं न्हाई! वेल पार गजाला गुंडाळलेला.

"मावशी, हे कुणाचं?"

"माझं हाय. का? काढू का तिथून?"

"अहो न्हाई! याला पाणी कुठलं घालता?"

"पोरं अर्ध्या बाटल्या बाकावर सोडून जातेत, ते वतते. चांगलं पाणी फेकू वाटत न्हाई."

"आणि रिसेप्शनच्या झाडांना?"

"ते निळ्या पिपातलं. सरांनीच सांगितलंय."

निळं पीप आरओ फिल्टरच्या मशीनखाली होतं आणि मशीनची एक बारकी नळी त्यात सोडलेली. माझ्या डोक्यात एकदम लाईट लागली!

आरओ मशीन एका बाजूनं गोड पाणी देतं आणि सगळे क्षार उरलेल्या पाण्यासोबत दुसऱ्या नळीनं बाहेर टाकतं. बाकीच्या गावांत ती नळी गटारात जाते. लातुरात न्हाई. ज्या गावानं दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, तिथं पाणी गटारात सोडणाऱ्याकडं लोक चोरासारखं बघतात. म्हणून इथं घरोघर त्या नळीखाली बादली असते. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते पाणी एकदम बेस्ट. पण कुंडीला?

कुंडीतली वरची माती उकरली. पांढरी खपली निघाली, गिझरच्या कॉइलवर बसते तसली. माझ्या बॅगेत टीडीएस मीटर असतो, पेनाएवढा, पाण्यात किती क्षार आहेत ते दाखवतो. पोरांच्या बाटलीत, म्हणजे फिल्टरच्या गोड पाण्यात बुडवला, दोन आकडी. पिपात बुडवला, चार आकडी!

फिल्टरला बोअरचं पाणी जोडलेलं, ते आधीच खारट. त्यातला सगळा खारेपणा पिपात. म्हणजे मुळं लोणच्याच्या बरणीत ठेवल्यासारखी. भोवती ओलंच ओलं, पण ओढता काही येत न्हाई. आणि मावशी जितक्या मनापासून पाणी घालणार तितका क्षार वाढणार.

आता हे सरांना कसं सांगायचं? पाशाभाईंना फोन लावला. "सच बोल, मगर धीरे बोल," म्हणाले.

मी धीरे बोलले न्हाई. सरळ मीटर दाखवला आणि म्हटलं, "सर, मावशींची चूक न्हाई. पिपाची आहे."

सर मीटरवरचा आकडा वाचायला पुढं वाकले. मग म्हणाले, "पीप मीच ठेवायला लावलंय."

"हाव सर."

"उपाय काय?"

"माती धुवायची. चांगलं पाणी वरून भरपूर सोडायचं, खालून वाहून जाऊ द्यायचं, असं दोन-तीनदा. क्षार निघून जातो."

"चांगलं पाणी? झाडाखालून वाहून? लातुरात?" सर असे ओरडले की एक पालक उठून उभे राहिले.

तेव्हा मावशी पहिल्यांदा मधे बोलल्या. "कुंडीखाली घमेली ठेवू की सर. खाली पडंल ते संडासात वापरू. थेंब वाया जाणार न्हाई."

सर जरा शांत झाले. पण म्हणाले, "पुढच्या आठवड्यात झाडं उभी न्हाई दिसली तर झाडं बी न्या, आणि यांचं मी बघतो."

महापालिकेच्या नळाला पाणी आलं त्या दिवशी मावशींनी माती धुतली. मी फोनवर, मावशी घमेल्यावर. पांढरी खपली काढून वर नवी माती, करपलेली टोकं कात्रीनं छाटली, खत बिलकुल न्हाई. आजारी झाडाला खत म्हणजे तापात पुरणपोळी.

आणि आज! पीस लिली ताठ उभी! रिसेप्शनचे पाम सुधारलेत, पाती ताठ होऊन राहिलीत. जिन्याजवळचा पाम मात्र गेला. तो मी उचलून आणला, खोटं कशाला बोलू.

सरांनी मावशींना बोलावलं. मला वाटलं आता सॉरी म्हणतील. कशाचं! म्हणाले, "मावशी, झाडांचं इथून पुढं तुम्हीच बघायचं. मलाबी विचारायचं न्हाई."

"एक तारखेपासून?" मावशींनी विचारलं, एकदम सरळ चेहऱ्यानं.

सर घड्याळ बघत म्हणाले, "आत्तापासून," आणि लेक्चरला निघून गेले.

शिकले काय? झाडाला पाणी घातलं का, किती घातलं, हे सगळे विचारतात. कुठलं घातलं, हे मीबी सगळ्यात शेवटी विचारलं. फिल्टरची नळी फरशीकडं वळवा, कुंडीकडं न्हाई.

आता तुम्ही सांगा बरं, तुमच्या फिल्टरखालची बादली रोज कुठं रिकामी होते? आणि ती ज्या कुंडीत होते, तिची पानं कशी आहेत?