नक्षीचं भाडं
घोंगडीला लावायची चिंचोक्याची खळ कुठं शिजत असली की तो आंबूस वास नाकात शिरतो आणि मला माझ्या सासूचा माग दिसतो. निजामाच्या राज्यातली गोष्ट. घोंगडीच्या पदरावर करवतीच्या दातांसारखी नक्षी विणावी ती तिनंच. एका दुपारी सिरसाळ्याचा एक व्यापारी सोबत विणकर घेऊन आला आणि "जरा इणून दाखवा" म्हणाला. मी शेजारी लोकर पिंजत होते. सासू विणायला लागली तसा तो विणकर ओठातल्या ओठात धागे मोजू लागला. तिनं ते पाहिलं आणि विणलेली चार बोटं नक्षी सरासरा उसवून टाकली. "चोरून कावून बघता? पायजे तर इचारून घ्या. पर कोपऱ्यात माझा तांबडा धागा ऱ्हाईल, आन् दर दिवाळीला एक मेंढी माझ्या दारात येईल." व्यापारी हसला, "नक्षीला बी भाडं असतंय व्हय?" "बैलाला असतंय, गाडीला असतंय, मंग माझ्या डोस्क्याला कावून न्हाई?" तो निजामाच्या अंमलदाराकडं, तालुकदाराकडं, तक्रार करायची धमकी देत निघाला. "आणा की तालुकदाराला, त्याला तरी कुठं इणता येतंय!" ती मागून ओरडली. महिनाभर झटूनही त्याच्या विणकराला तो दात वळवता आला नाही, तेव्हा व्यापारी मेंढी घेऊन मुकाट दारात आला आणि मगच सासूनं नक्षी शिकवली. आज ती नाही, पण दर दिवाळीला आलेल्या त्या मेंढ्यांची वीण माझ्या कळपात आहे. कुणी विकत मागितली की मी सांगते, ही मेंढरं न्हाईत बाबा, माझ्या सासूचं डोस्कं हाय, आन् ते आमी इकत न्हाई.