डोंगलने घेतलेलं सोंग

आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. आक्का तिथल्या ग्रंथपाल. एखादी गोष्ट हातात घेतली की ती तडीस नेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वाचनालयातल्या जुन्या संगणकाला विंडोज झेपेना, तेव्हा भाच्याने त्यावर लिनक्स घालून दिलं. तेव्हापासून आक्कांचं आणि त्या खोक्याचं मस्त जमलं.

एकदा रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची तार तुटली, आणि तीही नेमकी ड्रायव्हरकाकांच्या नातीच्या शर्यतीच्या दिवशी. काका निवृत्त बसचालक. परगावी राहणारी नात पोहणार होती आणि ते दुपारी थेट दिसणार होतं. काका सकाळीच कडक इस्त्रीचा शर्ट घालून येऊन बसले होते.

आक्कांनी समोरच्या दुकानातून सिमकार्डाचं डोंगल आणलं. लावलं, तर पडद्यावर सीडीचं चित्र! आत विंडोजचा सेटअप. नेटचा पत्ता नाही.

"सीडी कोणी घातली?" काकांनी विचारलं.

"घालणार कुठे? याला खाचच नाही," आक्का म्हणाल्या.

दुकानदाराने हात झटकले. "लिनक्सवर नाही चालायचं. परत द्या."

"जाऊ द्या आक्का, माझं नशीबच..." काका म्हणाले.

"नशिबाला कशाला मध्ये ओढता? थांबा जरा."

त्यांनी भाच्याला फोन लावला. तो हसायलाच लागला. "मावशी, ते डोंगल आधी सीडीचं सोंग घेतं. विंडोजवाल्यांसाठी ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारा प्रोग्राम, त्याच्या पोटातच असतो. तुझ्या लिनक्समध्ये तो आधीच आहे, तुला त्याची गरज नाही. ती सीडी बाहेर काढ."

"नसलेली सीडी बाहेर काढू?"

"हो गं. चित्रावर उजवं क्लिक कर आणि इजेक्ट म्हण."

आक्कांनी तसं केलं. चित्र गडप झालं, डोंगलचा दिवा लुकलुकला आणि पडद्याच्या कोपऱ्यात मोबाइल नेटवर्कचं नाव उमटलं.

शर्यत सुरू झाली तेव्हा पेपर वाचणारेही खुर्च्या ओढून आले. काकांचा उजवा पाय ॲक्सिलरेटर दाबल्यासारखा फरशीवर रोवलेला. नात तिसरी आली. काकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "वळण काय घेतलं पोरीने! बघितलंत ना?"

डोंगल काढून पुन्हा लावलं की सीडी परत हजर व्हायची. म्हणून भाच्याच्या सांगण्यावरून आक्कांनी त्याच नेटवरून मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम उतरवून घेतला. आता इजेक्टचं काम संगणक आपणच करतो. तार जोडायला अजून कोणी फिरकलेलं नाही, पण आक्कांची काही तक्रार नाही. काकांनी पुढच्या शर्यतीसाठी पहिली खुर्ची आत्ताच अडवून ठेवली आहे.