मंगला भोये यांची बदली

मंगला भोये मूळच्या पेठ तालुक्यातल्या. नाशिकच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात त्या कर्करोग विभागाच्या प्रमुख परिचारिका होत्या. प्रमुख म्हणजे काय, तर चूक झाली की उत्तर त्यांनी द्यायचे. विभागात कोणती परिचारिका असावी, हे मात्र अधीक्षकांनी ठरवायचे. १९९८ साली माझी चुलती कलाबाई तिथे उपचार घेत होती, म्हणून हे मी जवळून पाहिले.

त्या रुग्णालयात दर महिन्याला परिचारिकांचे विभाग बदलत. सर्वांच्या वाट्याला सारखे काम यावे, हा हेतू. अधीक्षकांना त्याचा अभिमान होता. भाकरी थापण्याची पाळी अशी लावता येते. पण कर्करोगाचे एक लाल औषध बाटलीतून शिरेत देतात; ते शिरेबाहेर झिरपले, तर आतले मांस जळते. भोये सिस्टर मुलींना तयार करीत आणि तयार झालेली मुलगी महिना संपताच दुसरीकडे जाई. ही रीत थांबवा, असे त्या वर्षानुवर्षे सांगत होत्या.

स्नेहल बाळंतिणींच्या विभागातून नुकतीच आली होती. सिस्टर कामासाठी खाली गेल्या असताना डॉक्टरांनी तिला फर्मावले, "बाटली लावून टाक." तिने कलाबाईला त्या लाल औषधाची बाटली लावली. कलाबाईच्या हाताची आग होऊ लागली, तरी ती गप्प पडून राहिली. परत येताच सिस्टरांनी सुजलेला हात पाहिला, औषध थांबवले आणि बर्फ मागवला.

"मावशी, हाक का नाही मारली?"

"सुई म्हणल्यावर दुखनारच. नवी पोर हाय, तिला कशाला बोल लावू?"

द्राक्षांच्या घडांची विरळणी करणारा तो हात. पुढे जखम भरली. बोटे कायमची आखडली.

चौकशीला नातेवाईक म्हणून मला खुर्ची मिळाली. भोये सिस्टर उभ्या होत्या. डॉक्टरांच्या बैठकीत परिचारिकेला बसवण्याची पद्धत नव्हती.

"मुलगी निष्काळजी होती, एवढं म्हणा सिस्टर," अधीक्षक म्हणाले. "तिला कमी करतो. विषय मिटेल."

"तिला इथे पाठवलं कुणी, सर?"

"पाळी सगळ्यांना सारखी असते."

"मग हाडांच्या डॉक्टरांनाही महिनाभर इथे बसवा. त्यांनाही सगळं यायला हवं."

कोणीतरी हसले आणि लगेच खाकरले.

"विभाग माझा आहे, तर जबाबदारीही माझी," सिस्टर म्हणाल्या. "स्नेहलला हात लावू नका."

स्नेहलची नोकरी वाचली. भोये सिस्टरांची बदली तळघरातल्या चादरींच्या कोठीवर झाली. ज्यांच्या डोळ्यांना सुजेची पहिली रेघ दिसे, त्यांनी आता उशांचे अभ्रे तपासायचे. या निर्णयाला तिथे 'शिस्त' म्हणत.

सूज ओसरल्यावर पुढच्या औषधाची वेळ आली. कलाबाईने दुसरा हात पदराखाली घेतला.

"आधी त्या चादरीवाल्या सिस्टरला बोलवा. मग देते हात."

डॉक्टरांनी समजावले, मग दरडावले. तिने हात काढला नाही. शेजारच्या खाटेवरच्या भागुबाईनेही स्वतःचा हात पांघरुणात ओढला. अखेर अधीक्षकांना माणूस खाली पाठवावा लागला.

सिस्टर आल्या. सुई त्यांनी स्नेहललाच टोचायला लावली आणि बाटली संपेपर्यंत दोघी खाटेशी उभ्या राहिल्या. औषध संपले, तसा शिपाई निरोप घेऊन आला: कोठी उघडी राहिली आहे, खाली या.