त्र्याण्णव नंबरचे टॅकल

मी तेव्हा ऱ्हाइनकाठच्या एका शहरात टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होतो. विषय होता यंत्रांच्या बेअरिंगमधली कंपनं. आठवडाभर मी तळघरातल्या प्रयोगशाळेत एकटा असायचो आणि शनिवार-रविवारी होस्टेलच्या खोलीत एकटा. दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षं. जर्मनीतल्या चार-पाच शहरांत तेव्हा अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ होते. खेळाडू बहुतेक अमेरिकेहून यायचे, वसंतात तीनेक महिने हॉटेलात राहून खेळायचे आणि परत जायचे. तिकडच्या मोठ्या क्लबांनी त्यांना इथे जणू परीक्षेला बसवलेलं असे. इथे चमकेल त्याला तिकडे जागा.

युनिव्हर्सिटीच्या फलकावर एक चिठ्ठी दिसली. सामन्याच्या दिवशी स्टेडियममध्ये कॉम्प्युटरवर नोंदी करायला माणूस हवा, जर्मन आणि इंग्रजी दोन्ही यायला हवं. मी गेलो. नोंदींचं काम बघणाऱ्या बाईंनी मला वरच्या काचेच्या खोलीत एका सत्तरीच्या गृहस्थांशेजारी बसवलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले होते, चाळीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढलेली. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायला लागलो.

काम सोपं होतं. प्रतिस्पर्धी खेळाडू चेंडू घेऊन पळतो, आपला कोणीतरी त्याला आडवा करतो. हे टॅकल. एकट्याने केलं तर पूर्ण त्याच्या नावावर, दोघांनी केलं तर वाटून. काका दुर्बिणीतून बघून नंबर सांगायचे आणि मी तो टाइप करायचो. माझ्या आधी तिथे एक अमेरिकन मुलगी होती. काकांनी 'ड्राय-उंट-नॉयनझिश', म्हणजे तीन आणि नव्वद म्हटलं, की तिचं बोट आधी तिनावर पडायचं आणि त्र्याण्णवचे एकोणचाळीस व्हायचे. मला ती अडचण नव्हती. आपणही त्र्याण्णव म्हणताना तीनच आधी म्हणतो. पहिल्या सामन्यात माझी एकही चूक झाली नाही. काकांनी दुर्बीण खाली ठेवली आणि बाईंना म्हणाले, "हा मुलगा नीट ऐकतो."

त्या वर्षी आमच्या संघाचं आक्रमण अगदीच लंगडं होतं. चेंडू हातात आला की पुढे काय करायचं ते त्यांना सुचायचंच नाही. पण बचाव असा होता, की समोरचे रडकुंडीला यायचे. एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी गोलरेषेपासून हातभर अंतरावर चार वेळा धडक मारली आणि चारही वेळा ते जागच्या जागी गाडले गेले. हळूहळू प्रेक्षकांनाही त्याची चटक लागली. आपला संघ चेंडू घेऊन आला की लोक बिअर आणायला उठायचे आणि समोरच्याकडे चेंडू गेला की धावत जागेवर येऊन पाय आपटायला लागायचे. आमची काचसुद्धा थरथरायची.

या बचावातल्या दोघांबद्दल मला सांगायला हवं. एक चोवीस नंबरचा. तो सगळ्यात मागे उभा राहायचा आणि कुठूनही उडी घेऊन कोसळलेल्या खेळाडूंच्या ढिगावर पडायचा. देखणा, बोलघेवडा, प्रेक्षकांचा लाडका. दुसरा त्र्याण्णव नंबरचा. तो अगदी मधोमध उभा राहायचा आणि समोरच्या दोन-दोन धिप्पाड माणसांना अंगावर घ्यायचा. ढीग उपसला की सगळ्यात खाली तोच सापडायचा. त्याला कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही.

पहिली चूक खरोखर चूक होती. काकांनी त्र्याण्णव सांगितलं, पण त्या क्षणी मी मान वर करून बघत होतो आणि चोवीस नंबर ढिगावर कोसळताना मला दिसला. माझ्या हातून चोवीस पडलं. लगेच माझ्या लक्षातही आलं. दुरुस्तीचं बटण होतं. मी ते दाबलं नाही, कारण पुढचा डाव सुरू झाला होता, असं मी स्वतःला सांगितलं.

सामन्यानंतर नोंदींचा कागद सगळ्यांना वाटला जायचा. चोवीस नंबर जिन्यात मला भेटला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला.

"प्रोफेसर, वर तूच बसतोस ना? तुझी नजर चांगली आहे. लक्ष असू दे."

दुसऱ्या दिवशी त्याने मला हॉटेलवर जेवायला बोलावलं. संघाच्या टेबलावर मी बसलो. त्याने सगळ्यांना ओळख करून दिली, फोटो काढला. तो फोटो मी प्रयोगशाळेत लावला. ज्या सहकाऱ्यांनी वर्षभरात मला हवापाण्यापलीकडे काही विचारलं नव्हतं, ते येऊन उभे राहून बघायला लागले. पुण्याला फोन करून मी आईला सांगितलं, इथल्या संघात माझी चांगली ओळख आहे. आई म्हणाली, बरं झालं, एकटा नाहीस.

पुढच्या सामन्यात मी मुद्दाम केलं. ढीग मोठा असला, कोण खाली आणि कोण वर हे पटकन कळत नसलं, की त्र्याण्णवच्या जागी मी चोवीस टाकायचो. दर वेळी नाही. कोणाच्या लक्षात येणार नाही एवढंच. काका दुर्बिणीला डोळे लावून बसलेले असायचे, माझ्या स्क्रीनकडे ते कधी बघत नसत.

मोसमाच्या मध्यावर मी हॉटेलात जेवत असताना त्र्याण्णव नंबर ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. एवढा मोठा माणूस, पण खुर्ची ओढताना आवाज होऊ नये म्हणून जपत होता.

"सर, टॅकलच्या नोंदी तुम्ही करता?"

"मी फक्त टाइप करतो," मी म्हणालो.

"रविवारी गोलरेषेजवळ त्यांचा माणूस पडला, तेव्हा त्याचा पाय माझ्या हातात होता. कागदावर मी नाही. त्याच्या आधीच्या सामन्यातही असंच झालं. कोच व्हिडिओ बघतात, त्यांना माहीत असतं. पण तिकडे अमेरिकेत माझ्या क्लबच्या ऑफिसात आधी कागद जातो."

तो तक्रार करत नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. चोवीस नंबर पलीकडच्या टेबलावर मोठ्याने हसत होता. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, "नंबर सांगणारे गृहस्थ आता वयस्कर आहेत. एखाद्या वेळी त्यांच्या नजरेतून सुटत असेल."

"असेल," तो म्हणाला. "माझ्या आजोबांनाही दिसेनासं झालं होतं." मग त्याने माझे आभार मानले.

पुढच्या बुधवारी बाईंनी काकांना आणि मला ऑफिसात बोलावलं. कोचने व्हिडिओ पाहून यादी पाठवली होती. बाईंनी ती टेबलावर ठेवली. बहुतेक ओळींत त्र्याण्णवच्या जागी चोवीस होतं.

"हे कसं झालं?" बाईंनी विचारलं.

काकांनी यादी वाचली, पुन्हा वाचली आणि माझ्याकडे वळले. "तू शेजारी होतास. गोलरेषेजवळ मी काय सांगितलं होतं?"

त्यांनी मला आरोपी म्हणून विचारलं नव्हतं. साक्षीदार म्हणून विचारलं होतं. तेवढा विश्वास होता त्यांचा.

"चोवीस," मी म्हणालो.

"आणि हे? दुसऱ्या क्वार्टरमधलं?"

"तेही चोवीसच."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. "गेनाऊ," ते हळू आवाजात म्हणाले. म्हणजे बरोबर. "मुलगा ऐकण्यात चुकत नाही. म्हणजे माझेच डोळे." बाई म्हणाल्या, असं होतं, वयानुसार. काकांनी गळ्यातला स्टेडियमचा पास काढून टेबलावर ठेवला. बाहेर पडताना त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "तुला अवघड जागी आणलं मी. माफ कर."

ट्रामने घरी जाताना मी काहीही विचार केला नाही. खोलीवर आलो, भात लावला, जेवलो. लाज त्या दिवशी आली नाही, हे मला आज सगळ्यात जास्त टोचतं. उलट हायसं वाटलं होतं.

काकांच्या जागी एक तरुण मुलगा आला. मी नोंदी चोख करायला लागलो. संघ जिंकतच राहिला आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तो सामना दुसऱ्या शहरात होता, म्हणून मी आणि तो नवा मुलगा टीव्हीवर बघायला बसलो. शेवटच्या मिनिटाला प्रतिस्पर्धी गोलरेषेपाशी आले आणि पुन्हा मधोमध तोच माणूस आडवा पडला, चेंडूवाल्याला पोटाशी घेऊन. आमच्या शहराने अजिंक्यपद मिळवलं. चौकात लोक गाड्यांचे हॉर्न वाजवत होते. माझ्या शेजारचा तरुण म्हणाला, "काय माणूस आहे हा! आणि आकड्यांत बघ, किती खाली." मी तिथून उठून निघालो.

जुलैमध्ये मी काकांकडे गेलो. गावाबाहेर त्यांचा श्रेबरगार्टन होता, जर्मन लोक भाड्याने घेतात तसला छोटा बागेचा तुकडा. ते झुडपांवरची लाल करंटची फळं तोडून भांड्यात टाकत होते. मला पाहून खूश झाले. मी विचारलं, गाडी दिसत नाही? म्हणाले, भाचीला देऊन टाकली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, फारसं काही नाही, मोतीबिंदूची जराशी सुरुवात आहे. पण काका म्हणाले, मी त्यांचं ऐकलं नाही. "चाळीस वर्षं मी लोकांचे जीव डोळ्यांवर सांभाळले. चोवीस आणि त्र्याण्णव यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने गाडी चालवू नये." आता ते दोन बस बदलून बागेत येत होते.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जर्मन नीट जुळेना. ते भांडं हातात धरून ऐकत होते.

"गोलरेषेजवळ?" त्यांनी विचारलं.

"त्र्याण्णव सांगितलं होतं."

"दुसऱ्या क्वार्टरमध्ये?"

"त्र्याण्णव."

त्यांनी यादीतलं एकेक विचारलं. त्यांना सगळं पाठ होतं. दर वेळी मी त्र्याण्णव म्हणत गेलो. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे मला दिसत होतं." ते खूश झाले की काय, असं क्षणभर मला वाटलं. पण त्यांनी भांडं गवतावर ठेवलं. सबंध मोसमभर आम्ही एकमेकांना 'डू', म्हणजे तू म्हणत आलो होतो, तसं त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आता ते म्हणाले, "हे सगळं ऑफिसला लिहून कळवा. आणि तुम्ही आता जा." झी. तुम्ही.

मी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं. मोसमाचे कागद अमेरिकेला गेले आहेत, ते आता बदलता येणार नाहीत, पुढच्या वर्षी आपली गरज नाही. काकांना त्यांनी परत बोलावलं होतं असं नंतर त्या तरुणाकडून कळलं. ते गेले नाहीत. गाडीही भाचीकडून परत घेतली नाही. दोन-तीनदा मी बागेच्या फाटकापर्यंत गेलो आणि तिथूनच वळलो.

काही वर्षांनी ते संघही बंद झाले. मी तेव्हा वाल्डॉर्फला नोकरीत होतो, लग्न झालं होतं. एका दुपारी ऑफिसात बसून मी अमेरिकेतल्या क्लबांच्या खेळाडूंच्या याद्या इंटरनेटवर उघडल्या. चोवीस नंबर कुठेच नव्हता. त्र्याण्णवही नव्हता. माझ्यामुळे असं झालं का, हे मला कळायला मार्ग नाही. व्हिडिओ तर सगळ्यांकडे होता, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला लिही ना. नाव माहीत आहे, शोधलंस तर सापडेल."

ती म्हणते ते खरं आहे. शोधलं तर सापडेल. मी अजून शोधलेलं नाही.