बैलाचे मागचे पाय

गावातले बैल गेले त्यात मिस्त्रीचा हात मोठा. कितीही रुसलेला ट्रॅक्टर त्याच्या हाताखालून गेला की सुरू. मग बैल कोण कशाला पोसतो? पण सुगी आटोपली की गावच्या नाटकात बैलाचे मागचे पाय मात्र हाच गडी व्हायचा. शिंगं, पुढचे पाय आणि टाळ्या मेहुण्याकडे. मिस्त्रीकडे वाकलेली कंबर आणि शेपटी. ती तो अशी झोकात उडवायचा, की म्हातारे आपापल्या गेलेल्या बैलांना नावानिशी हाका मारायचे.

यंदा मात्र नाटक लिहिणारे शिंपीमामा सुधारले. त्यांच्या नाटकातला शेतकरी आता बैल विकून ट्रॅक्टर घेणार होता. ड्रायव्हर अर्थात मेहुणा.

"आणि मी?" मिस्त्रीने विचारलं.

"तू पडद्यामागून घर्रघर्र कर. तो आवाज तुझ्याइतका कुणाला येतोय?"

"चला दाजी, कंबर वाचली तुमची," मेहुणा म्हणाला.

रात्री ताटावर मिस्त्री भाकरी नुसतीच कुस्करत बसला. बायको म्हणाली, "अहो, दिवसभर खरे ट्रॅक्टर चालू करता, आणि एका पुठ्ठ्याच्या ट्रॅक्टरने तोंड पाडलंत?"

"ते पोटासाठी गं. शेपटी माझी होती."

तिने हसू कसंबसं दाबलं. पण नाटकाला निघताना गोणपाटाचा मागचा अर्धा बैल झटकून पिशवीत घातला. "असू दे जवळ."

ट्रॅक्टर म्हणजे हातगाडीवर ठोकलेले पुठ्ठे. मेहुणा आत बसून पायांनी रेटत ऐटीत निघाला आणि रंगमंचाच्या मधोमध चाक फळ्यांच्या फटीत रुतलं. पडद्यामागे मिस्त्री घसा फोडून घर्रघर्र करतोय, मेहुणा स्टिअरिंग गरागरा फिरवतोय, ट्रॅक्टर ढिम्म.

"मिस्त्रीला बोलवा रे!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं.

मिस्त्री आला. पाना घेऊन नव्हे. बिनशिंगांचा, बिनतोंडाचा, नुसता मागचा अर्धा बैल होऊन, शेपटी उडवत. त्याने कंबर वाकवली, खांदा लावला आणि एका रेट्यात मेहुण्यासकट ट्रॅक्टर पार पलीकडच्या विंगेत घातला. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी आपल्या बैलाला हाक मारली. शेपटीने ओ दिली.

विंगेत मेहुणा अंग झाडत उठला. "दाजी, पुढच्या वर्षी ड्रायव्हर तुम्हीच व्हा बाबा!"

"छे! ड्रायव्हर काय, कुणीही होतं," मिस्त्री म्हणाला.

शिंपीमामा तोवर सुताराला बाजूला घेऊन बजावत होते, "ती फट बुजवू नकोस हां. नाटकात लिहितोय मी ती."