कुंकू लावलेलं पातं

खंडेनवमीला सकाळी मी देवापुढे माझं मल्टिटूल ठेवलं. पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि सुरी एकातच मिटणारं, मुठीत मावेल असं हत्यार. शेजारी नवऱ्याचा लॅपटॉपही होता, पण त्याची नोकरी दुबईतल्या मंदीने खाल्ली होती, त्यामुळे पहिला मान माझ्या हत्याराला. मी एसी मेंटेनन्सची इंजिनिअर, आणि सगळ्या घराचे व्हिसा आता माझ्या नोकरीवर टांगलेले. पात्याला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि पुसायचं विसरून ते तसंच पट्ट्याला अडकवून कामावर गेले.

टॉवरच्या गेटवर नवीन सिक्युरिटी आली होती. आत माणसं कमी होत होती आणि दारावर पहारा वाढत होता. सिक्युरिटीच्या सुपरवायझरने पातं उघडलं आणि दचकलाच.

"मॅडम, ये खून किसका है?"

"खून नहीं, कुंकू है. पूजा का."

त्याने ते हुंगून पाहिलं. मग पातं मिटायला गेला, तर मिटेना. पातं उघडलं की आतली एक पट्टी सरकून त्याच्या मागे अडकते. ती अंगठ्याने बाजूला सारली तरच ते मिटतं. हे कळल्यावर त्याला कुंकवाहून मोठा गुन्हा सापडला. त्याने भिंतीवरच्या नियमांवर बोट ठेवलं.

"लॉकवाला चाकू अलाउड नहीं. बिना लॉक का चलेगा. फिर दिखा तो गेट पास खलास."

"अरे भाई, वो लॉक मेरी उँगली बचाता है!"

"रूल है, मॅडम."

गेट पास गेला की नोकरी गेली, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. घरी नवरा म्हणाला, "अगं, एका सुरीसाठी कशाला पंगा घेतेस? ठेव ना घरी." लेक टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "आई, जस्ट लीव्ह इट, ना." मला असा संताप आला! कंपनीने हेल्पर आधीच घरी पाठवले होते. शिडीवर चढून डक्टचं इन्शुलेशन मीच कापत होते, आणि कंपनीच्या कटरने धड कागद कापला जात नव्हता. शिवाय हे हत्यार मी माझ्या पहिल्या पगारातून घेतलेलं. ते घरी बसणार नव्हतं. नियमात बसवायचंय ना, मग बसवते, म्हटलं.

शुक्रवारी सुट्टी होती. अल मनखूलच्या आमच्या बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून मी कानशीने ती पट्टी घासली. थोडं घासायचं, पातं उघडून बघायचं, पुन्हा घासायचं. शेवटी पट्टी अडकेनाशी झाली आणि पातं नुसत्या बोटाने मिटायला लागलं. धडधाकट वस्तू मी स्वतःच्या हाताने लुळी केली होती. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने पातं दोनदा उघडून मिटवलं. "अब परफेक्ट है, मॅडम."

त्याच आठवड्यात शिडीवर असताना पातं इन्शुलेशनच्या टेपमध्ये रुतलं. मी ओढलं आणि ते फाटकन माझ्या बोटावर मिटलं. आमचा फोरमन रत्नागिरीचा, चांगला माणूस. त्याने बोटाला रुमाल गुंडाळला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, सुरी धुवून टाका नि गप ऱ्हावा. बोभाटा केला तर पहिलं नाव आपलंच येतंय."

तो खोटं बोलत नव्हता. भीती मलाही होती. तरी मी तशीच खाली गेले आणि सुपरवायझरच्या टेबलावर पातं उघडून ठेवलं.

"आज पूछिए, किसका है."

त्याने पात्याकडे पाहिलं, मग रुमालाकडे. "धो लीजिए, मॅडम."

"पहले आपके बॉस को दिखाइए. फिर मेरे."

दोन्ही बॉसनी पाहिलं. माझा म्हणाला, या दिवसांत हा तमाशा परवडणार आहे का तुम्हाला? मी म्हटलं, लॉक असलेला कटर साइटच्या स्टोअरमध्ये ठेवा, नाहीतर शिडीवर तुम्ही चढा. आठवडाभर मी टर्मिनेशनची वाट पाहिली. आला तो कटर.

माझं पातं मी नंतर पार बोथट करून टाकलं; आता त्याने गंज तेवढा खरवडते. पुढच्या खंडेनवमीला ते पुन्हा देवापुढे ठेवलं, कुंकू लावलं आणि या वेळी आठवणीने पुसलं नाही. तसंच पट्ट्याला अडकवून गेटवर गेले.