यादीत नसलेली रेकॉर्ड

"या कंपनीवाल्यांना पन्नासपर्यंत मोजताच येत नाही, दुसरं काय!" असं म्हणत अण्णा टेबलावर मूठ आपटायचे. त्यावरचे स्क्रू उडायचे. मग तेच पुटपुटत खाली वाकून वेचायचे.

हुबळीच्या कमरीपेठेत त्यांचं रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान होतं. मी निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी तिथं बसायचो. गिऱ्हाइकांपेक्षा बसणारे जास्त, असं एखादं दुकान तुमच्याही गावात असेल. पण आमच्या अण्णांनी तरुणपणी धारवाडच्या एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवले होते, आणि मुंबईच्या एका कंपनीनं त्या पोरांची एलपी काढली होती.

तिला पन्नास वर्षं होत आली. सिनेमाच्या गाण्यांचे सुवर्णमहोत्सवी संच कंपनी थाटात काढत होती. रॉकचं नावही नाही. अण्णांनी तीन पत्रं लिहिली. "आमचीच नव्हे हो, त्या वेळच्या सगळ्यांची काढा म्हणतोय मी." उत्तर नाही. मग मी ईमेल लिहून दिली. उत्तर आलं : सूचनेबद्दल आभार.

शेवटी त्यांनी फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "सर, ही रेकॉर्ड आमच्या यादीतच नाही."

"मग माझ्या हातात काय आहे बाई, पापड?"

मी हसलो. ते हसले नाहीत. बाईंनी चौकशी करून सांगितलं, मूळ टेपा गोदाम आवरताना टाकून दिल्या. अण्णांनी फोन ठेवला. "टाकल्या म्हणे. आमचा गाणारा गेला. त्याचा मूळ आवाज तेवढाच उरला होता की हो."

जपायला म्हणून नेलं, आणि केराबरोबर झाडून टाकलं! माझा राग अजून उतरलेला नाही.

पन्नास वर्षं पुरी झाली त्या दिवशी अण्णांनी भर दुपारी दुकानाच्या दारात स्पीकर मांडले आणि स्वतःजवळची प्रत लावली. रिक्षावाले थांबले. धारवाडच्या मळमड्डीहून बँडमधला त्यांचा गिटारवाला दोस्त आला. त्याला आता ऐकू येत नव्हतं. त्यानं स्पीकरवर तळवा टेकला, डोळे मिटले.

"येतंय?" त्यानं डोळे उघडल्यावर अण्णांनी खुणेनं विचारलं.

"हौदो, येतंय. तू घाई करतोयस. तेव्हाही करायचास."

त्यानंतर काही महिन्यांत अण्णा गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीची ईमेल आली. जुन्या रॉकला आता मागणी आहे, आपली प्रत पाठवाल का? मी रागानं दोन सणसणीत शिव्या टाइप केल्या आणि अण्णांच्या बायकोला, अक्कांना, वाचून दाखवल्या.

"त्या पुसा," अक्का म्हणाल्या. "रेकॉर्ड द्यायची. यांचा जीव होता तिच्यात. पण पोस्टानं नाही. माणसानं इथं यायचं, बसून पुरती ऐकायची, मग न्यायची."

तसंच कळवलं. अजून कोणी आलेलं नाही. अक्का रोज दुकान उघडतात आणि एक खुर्ची पुसून ठेवतात.